पंखा फिरतोय, पण हवा कुठाय?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मोठ्या इमारतींमधल्या पंख्यांबद्दल, म्हणजे बेसमेंटचे एक्झॉस्ट, एसीचे ब्लोअर, जिन्याचे पंखे, किचनच्या चिमण्या, यांच्या मेंटेनन्सबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. वाटलं होतं चार-पाच प्रश्न येतील, पण ढीगच आला. त्यातले अर्ध्याहून जास्त एकाच वळणाचे, "पंखा तर चालू आहे हो, पण...". तर या वेळी त्या 'पण'वरचेच निवडून घेतलेत. नावं-गावं थोडी झाकली आहेत, कारण बऱ्याच जणांचं आपल्या एएमसीवाल्याशी (म्हणजे वार्षिक मेंटेनन्सचा ठेका घेतलेल्याशी) भांडण चालू आहे.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या टॉवरला दोन बेसमेंट आहेत. खालच्या बेसमेंटच्या एक्झॉस्ट ब्लोअरची मोटर मे महिन्यात जळाली, रिवाइंड करून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणली, बसवली. ब्लोअर फिरतोय, आवाज पण जोरात आहे, तरी गाड्यांच्या धुराचा वास जात नाही, सकाळी ऑफिसच्या वेळेला तर डोळे चुरचुरतात. एएमसीवाला म्हणतो ब्लोअर म्हातारा झाला, नवीन घ्या. कोटेशन बघून कमिटीत भांडणं लागलीत. काय करावं? (सोसायटीचे सेक्रेटरी)

सेक्रेटरी साहेब, कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी खाली जाऊन ब्लोअर बंद करायला सांगा. पूर्ण थांबायच्या आधी शेवटचे आठ-दहा फेरे तो हळू घेतो, तेव्हा कुठल्या बाजूला फिरतोय ते बघा आणि केसिंगवरच्या बाणाशी ताडून बघा. माझी पैज आहे की उलटा फिरत असणार.

रिवाइंडिंगनंतर वायरी जोडताना तीन फेजमधल्या दोनांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हे कुठलाही वायरमन सांगेल. पण खरी गंमत पुढे आहे. तो अॅक्सियल पंखा असता, म्हणजे आपल्या भिंतीतल्या एक्झॉस्टसारखा सरळ पात्यांचा, तर हवा सरळ उलट्या दिशेने आली असती आणि पाच मिनिटात कळलं असतं. गोगलगाईसारख्या केसिंगचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर मात्र उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त खूपच कमी. जाळीला कागद लावलात तर कागद चिकटतो, सगळे माना डोलावतात, चालू आहे म्हणतात. मी स्वतः यात फसलोय. मी एका हॉस्पिटलच्या मेंटेनन्सला होतो तेव्हा रंगकामासाठी मोटर काढून परत बसवली, मीच कागद लावून बघितला, मीच रजिस्टरला ओके लिहिलं आणि पुढे अकरा दिवस लाँड्रीतल्या बायका मला शिव्या घालत होत्या की काका इथे वाफेने जीव जातोय. शेवटी एका शिकाऊ पोराने बाण दाखवला.

दुरुस्ती दहा मिनिटांची, मोटरच्या टर्मिनलवर किंवा स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला कुठल्याही दोन वायरी बदलायच्या. मेन इनकमरला, म्हणजे बोर्डावर वीज येते त्या मुख्य स्विचला, हात लावू नका, नाहीतर हा सुधारेल आणि त्या बोर्डावरचे बाकीचे सगळे उलटे होतील, पाण्याच्या पंपासकट.

हे करून झाल्यावर एकदा हवा मोजून घ्या, कारण नजरेने हवा कळत नाही. समजा बेसमेंट 40 बाय 30 मीटर आणि उंची 3 मीटर, म्हणजे 3,600 घनमीटर. रोजच्या वापराला तासाला 6 वेळा हवा बदलली पाहिजे असा आपल्याकडे हिशोब धरतात (आगीच्या वेळी 12), म्हणजे तासाला 21,600 घनमीटर. आता एका जाळीची मोकळी जागा 0.6 चौरस मीटर असेल आणि तिथे हवेचा वेग सरासरी सेकंदाला 2 मीटर मिळाला तर ती जाळी तासाला 4,320 घनमीटर ओढते, अशा पाच जाळ्या झाल्या की हिशोब जुळला. वेग मोजायचं ते छोट्या भिंगरीचं अॅनिमोमीटर फार महाग नसतं, सोसायटीने एक घेऊन ठेवावं, नव्या ब्लोअरच्या कोटेशनपुढे ते चिल्लर आहे. फक्त एकाच जागी धरून आकडा लिहू नका, जाळीच्या नऊ-दहा ठिकाणी धरा आणि सरासरी काढा, आणि जाळीच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा करायला विसरू नका.

प्रश्न : सर मी पुण्यात एका मॉलमधे टेक्निशियन आहे. आमच्या एका एक्झॉस्ट ब्लोअरला तीन व्ही-बेल्ट आहेत, दर महिना-दीड महिन्याला एक तरी तुटतो. जो तुटतो तो आम्ही लगेच बदलतो. स्टोअरवाले आता बेल्ट देताना तोंड वाकडं करतात.

"जो तुटतो तो बदलतो", तुझं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे रे दादा. दोन जुने बेल्ट ताणून लांब झालेले, त्यात एक नवा कोरा टाकला की सगळं ओझं त्या नव्यावर येतं, जुने दोघे नुसते सोबत फिरतात. मग नवा मरतो. तिन्ही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, आणि जुन्यातला बरा दिसतो म्हणून एक कपाटात जपून ठेवायचा मोह टाळायचा.

बदलायच्या आधी पुलीच्या खाचेत बोट फिरवून बघ (ब्लोअर बंद असताना, हे सांगायची वेळ येऊ नये पण सांगतो). व्ही-बेल्ट दोन्ही बाजूंनी पकडतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समज की बेल्ट तळाला घासतोय, म्हणजे पुली झिजली आणि तिच्यात कितीही चांगला बेल्ट टाकलास तरी घसरणारच. मग अलाइनमेंट. लेझर नसला तरी अडत नाही, एक बारीक सुतळी घे, दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून ताणून धर, सुतळी चारही ठिकाणी टेकली पाहिजे, मधे फट दिसली की मोटरचा बेस सरकव.

ताणाचा ढोबळ नियम असा की दोन पुल्यांमधल्या मोकळ्या अंतराच्या दर मीटरला साधारण 16 मिलिमीटर बेल्ट दबला पाहिजे, तुझं अंतर अर्धा मीटर असेल तर 8. किती जोराने दाबायचं ते बेल्टच्या सेक्शनवर (जाडी-रुंदीवर) असतं, कंपनीच्या तक्त्यात मिळतं. नवे बेल्ट पहिल्या दिवशी सैल पडतातच, म्हणून दुसऱ्या दिवशी परत ताण बघायचा. हे ९९ टक्के लोक करत नाहीत, मी पण तरुणपणी करायचो नाही. चालू करताना बेल्ट किंचाळतो तो सैल असल्यामुळे, त्यावर साबण किंवा राळ लावून आवाज बंद करणारे महाभाग मी बघितलेत, तसलं काही करू नकोस. आणि किंचाळू नये म्हणून तंबोऱ्यासारखा ताणूही नकोस, मग बेल्ट टिकेल पण बेअरिंग जाईल, आणि बेअरिंग बेल्टपेक्षा महाग असतं हे स्टोअरवाल्याला पण माहितीये.

आणखी एक. बेल्ट चढवताना टॉमी (लोखंडी पहार) घालून पुलीवरून उचकटून चढवता का? बहुतेक चढवत असणार. त्यात आतल्या दोऱ्या तुटतात, वरून दिसत नाही, महिन्याने बेल्ट जातो. मोटर पुढे सरकवायची, बेल्ट हाताने घालायचा, मग मोटर मागे घ्यायची. आळस नको.

आणि काम करताना आयसोलेटरला (वीज तोडायच्या स्विचला) स्वतःचं कुलूप लाव, चावी स्वतःच्या खिशात. नुसतं स्टार्टरचं बटण दाबून बेल्टला हात घालणारे मी बघितलेत आणि त्यातल्या एकाची दोन बोटं अर्धी आहेत. एकाच डक्टवर दोन ब्लोअर असतील तर दुसऱ्याच्या हवेने तुझा बंद ब्लोअर गरगरत असतो, वीज नसताना! त्यामुळे कुलूप लावलं तरी लाकडाचा ठोकळा घालून इम्पेलर (पात्यांचं चाक) अडवायचा, मगच हात आत. आणि काम झाल्यावर तो ठोकळा आठवणीने काढायचा.

प्रश्न : दर शनिवारी न चुकता ग्रीस मारतो तरी बेअरिंग गरम का होतात? (नाशिक)

दर शनिवारी मारता म्हणूनच. पंख्याच्या बेअरिंगमधे ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसरा हिस्सा ते फार तर अर्धं असावं, गच्च भरलं की आतले बॉल चिखलात बैल चालावेत तसे चालतात, घुसळून घुसळून तापतात, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं आणि कधीकधी ते उडून मोटरच्या वाइंडिंगवर बसतं. ताजं ग्रीस मारल्यावर थोडा वेळ तापमान चढतं आणि मग उतरतं, ते चालतं. उतरलंच नाही तर जास्त झालं समजा.

किती दिवसांनी मारायचं ते बेअरिंगचा साइज, स्पीड आणि जागा किती धुळीची यावर आहे, सरसकट वार ठरवता येत नाही, पंख्याच्या पुस्तकात तक्ता असतो तो बघा. नंबर वाचायला शिका, सोपं आहे, 6308 असेल तर शेवटच्या 08 ला पाचाने गुणा, शाफ्ट 40 मिलिमीटरचा. नंबरपुढे झेडझेड किंवा टू-आरएस असेल तर ते दोन्हीकडून बंद बेअरिंग, त्याला ग्रीस लागतच नाही, तुम्ही जे मारता ते बाहेरच साचतं. आणि मोटरमधे पॉलियुरियावालं ग्रीस असेल तर त्यात लिथियमवालं मारू नका, बऱ्याचदा दोघांचं जमत नाही, पाणी होऊन वाहतं. डब्यातला रंग बघून एकच आहे म्हणणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, रंग कंपनी आपल्या आवडीने घालते.

प्रश्न : कोल्हापुरात आमचं हॉटेल आहे, रोजची गर्दी, तांबडा-पांढरा रस्सा, फ्राय, सगळं जोरात. किचनच्या एक्झॉस्टचा पंखा हल्ली इतका थरथरतो की वरच्या मजल्यावर ताटं वाजतात. पोरांना वर चढवून खरवडून घेतला तर आणखीनच हलायला लागला!

खरवडल्यावर वाढलं, यातच सगळं आलं. पात्यांवर तेल बसतं, त्यावर धूळ, त्यावर परत तेल, त्याचा थर सगळ्या पात्यांवर सारखा असेल तर पंखा मुकाट्याने फिरतो. तुमच्या पोरांनी हात पोचला तिथली तीन पाती चकाचक केली आणि पलीकडची तशीच सोडली, मग एका बाजूला वजन राहिलं. म्हणून साफ करायचा तर सगळा, मागच्या बाजूसकट, नाहीतर हात लावू नये. घासताना पात्यावर किंवा बाजूच्या तबकडीवर एखादी छोटी पत्र्याची चिमटी किंवा वॉशर दिसला तर तो कचरा नाही, तो बॅलन्सिंगचं वजन आहे, काढून फेकला असेल तर शोधा किंवा आता बॅलन्सिंगवाल्याला बोलवा. सगळं साफ करूनही हलत असेल तर खालचे बोल्ट आणि स्प्रिंगचे माउंट बघा, मग शाफ्ट.

पण थरथर ही तुमच्याकडची लहान गोष्ट आहे. मला काळजी डक्टची वाटते. पंख्यावर एवढं तेल पोचलं म्हणजे डक्टमधे त्याहून जास्त आहे, आणि फोडणीचा एक भडका वर गेला तर ते तेल वातीसारखं पेटतं, आणि पंखा चालू असला की ती आग पुढे ओढली जाते. हुडमधले फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात सोडा टाकून भिजवायचे, सकाळी सुकवून परत. फिल्टर जड पडतो म्हणून काढून ठेवून नुसता पंखा चालवणारी किचनं मी बघितलीत, तुमच्याकडे तसं नसेल अशी आशा. डक्टला जागोजागी उघडायची झाकणं आहेत का बघा, नसतील तर करून घ्या, झाकणाशिवाय डक्ट साफ केला असं जो सांगतो तो फक्त दोन टोकं पुसून गेलेला असतो. केसिंगच्या तळाला तेल काढायचा प्लग असतो तो पण महिन्यातून उघडा. आणि पुढचा पंखा घ्याल तेव्हा मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला घ्या.

प्रश्न : मी 67 वर्षांची आहे, मुंबईत एकोणिसाव्या मजल्यावर राहते. आगीच्या मॉक ड्रिलच्या दिवशी जिन्याचं दार मला ढकलताच येईना. तिथला माणूस म्हणाला, आजी आत पंख्याची हवा भरलीये, तसंच असतं. खरंच तसंच असतं का? मग आग लागली तर मी काय करायचं?

ताई, थोडं तसं असतं, पण तुम्हाला दार उघडू नये इतकं मुळीच नसतं. तुमची तक्रार अगदी बरोबर आहे आणि ती लेखी द्या.

उंच इमारतीत आग लागली की जिन्यात धूर शिरू नये म्हणून पंखा बाहेरची ताजी हवा जिन्यात भरतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो, आपल्याकडच्या बांधकामाच्या कोडप्रमाणे 50 पास्कल (दाबाचं माप). आता दार साधारण 1 मीटर रुंद, 2 मीटर उंच, म्हणजे 2 चौरस मीटर, त्यावर 50 पास्कल म्हणजे 100 न्यूटन, दहा किलोचं ओझं. तुम्ही बिजागरीपासून लांब कडेला ढकलता म्हणून हाताला त्याच्या निम्मंच लागतं, पाच किलो, त्यात दार आपोआप बंद करणाऱ्या क्लोजरचा जोर वेगळा. जड वाटेल पण उघडेल. दार जिन्याच्या आत उघडतं आणि हवा बाहेर ढकलते, म्हणून दाब दुप्पट-तिप्पट झाला की दार भिंत होऊन बसतं.

दाब वाढतो कशाने? जादा हवा सोडायला एक झडप असते, रिलीफ डँपर म्हणतात, ती अडकलेली असते. मी एका इमारतीत बघितलं, रंगाऱ्याने भिंतीबरोबर डँपरला पण तीन हात ऑइलपेंट मारला होता, पाती एकमेकांना चिकटून पत्रा झालेला. किंवा क्लोजर फार कडक केलेला असतो. सोसायटीला सांगा की सगळी दारं बंद ठेवून पंखा चालू करा आणि वरच्या, मधल्या, खालच्या मजल्यावर मॅनोमीटरने दाब मोजून कागदावर द्या. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) द्यावाच लागतो, मग त्याच वेळी हे मोजायला काय हरकत आहे? बरेचदा फॉर्मवर शिक्का पडतो आणि पंख्याचं शटरही कुणी उघडलेलं नसतं.

हे पंखे वर्षभर नुसते उभे असतात तीच त्यांची अडचण. एकाच जागी उभं राहून बेअरिंगच्या कड्यांवर खड्डे पडतात, बेल्ट पुलीच्या आकाराचा वाकडा होतो, पॅनेलमधे उंदीर संसार मांडतात. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवायला सांगा, आणि तेव्हा तुम्ही स्वतः एकोणिसाव्या मजल्याचं दार ढकलून बघा.

प्रश्न : इचलकरंजीच्या सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटला असतो. मालकांनी पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) बसवलेत, म्हणतात 50 वरून 40 हर्ट्झ केलं की बिल निम्मं होतं. हे शक्य आहे का की विकणाऱ्याने टोपी घातली?

टोपी नाही, गणित आहे. पंख्याचा स्पीड 80 टक्के केला की हवा 80 टक्के, दाब 64 टक्के आणि पॉवर 0.8 चा घन म्हणजे साधारण 51 टक्के. पण निम्मं झालं ते त्या पंख्याचं, गिरणीच्या बिलाचं नाही, आणि हवा वीस टक्के कमी झाली हे मालक सोयीने विसरतात. थंडीत, रात्री चालेल, एप्रिलच्या दुपारी खात्यात दमट हवा कमी पडली की धागे तुटायला लागतात आणि वाचवलेली वीज तिथे जाते. ऋतूप्रमाणे, आर्द्रतेचा आकडा बघून स्पीड बदला. उलट बाजूने पण तेच, 55 हर्ट्झला नेलात तर पॉवर 33 टक्के वाढते, मोटर मेली म्हणून समजा.

स्पीड हळूहळू बदलताना मधेच एखाद्या आकड्यावर पंखा भयंकर थरथरला तर तो आकडा ड्राइव्हमधे वगळायची सोय असते, ती वापरा. आणि कापसाचे तंतू पात्यांवर बसतात ते आठवड्याला काढा, तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न : आमच्या नागपूरच्या ऑफिसात एएचयूचे (एसीची हवा फिरवणाऱ्या युनिटचे) फिल्टर धुतले की ब्लोअरचे अँप्स वाढतात, घाण झाले की कमी होतात. मग वीज वाचवायला फिल्टर घाणच ठेवावेत का?

😄 या महिन्याचं बक्षीस तुम्हाला! घाण फिल्टरने हवाच कमी जाते, ब्लोअरला काम कमी, म्हणून अँप्स कमी. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून पिशव्या वाचल्या, त्यातला प्रकार. तुमचा ब्लोअर पुढे वाकलेल्या पात्यांचा असणार, त्यात हवा वाढली की करंट चढत जातो, एएचयूचं दार उघडं ठेवून चालवलात तर मोटर ट्रिप पण होईल. म्हणून अँप्स मोजायचं क्लॅम्प मीटर नेहमी दार बंद करूनच लावा. धुतल्यावरचे अँप्स मोटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत आहेत ना? मग बिनधास्त धुवा. पाटीच्या वर गेले तर पुली बदलून स्पीड थोडा कमी करून घ्या.

प्रश्न : दादरला गच्चीवरच्या एक्झॉस्टच्या तोंडात कबुतरांनी घरटं केलंय, पिल्लं आहेत. पंखा चालू करू का?

नको. साधारण महिनाभर थांबा, उडून जातील, तोवर दुसरा पंखा चालवा. मग तोंड साफ करा (तोंडाला मास्क बांधून) आणि अर्ध्या-पाऊण इंचाच्या भोकांची तारेची जाळी लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, पंधरा दिवसात ती धुळीने बुजेल आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल की पंखा फिरतोय, पण.